अठ्ठ्याहत्तर दिवसांचे केंद्र : काँग्रेस रेडिओचा इतिहास, तासगावकडून पाहताना

३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि तिथे तिरंगा चढला. त्या दिवशी मुंबईतील काँग्रेस रेडिओ सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. या दोन घटना एकमेकींना जोडून टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. मोर्चा काही रेडिओ ऐकून निघाला नव्हता, आणि मुंबईच्या त्या केंद्रालाही तासगावातून कुणी चालवत नव्हते. मग बेचाळीसच्या स्मरणार्थ निघणाऱ्या तासगावच्या स्मरणिकेत, गिरगाव-चौपाटीच्या भाड्याच्या खोल्यांतून चाललेल्या आणि अडीच महिन्यांत बंद पडलेल्या एका रेडिओ केंद्राचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. माझे उत्तर असे, की त्या केंद्रापुढे आणि इथल्या चळवळीपुढे प्रश्न एकच होता. सरकारने बातमीची तोंडे बंद केली असताना लोकांपर्यंत खरी बातमी न्यायची कशी? मुंबईने एक उत्तर दिले, सातारा जिल्ह्याने दुसरे. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होते. काँग्रेस रेडिओची आपण आजवर जी किंमत केली ती त्याच्या यंत्राकडे पाहून केली. त्याचे खरे मोल बातमी गोळा करणाऱ्या माणसांत होते, आणि त्याचे मरण मात्र यंत्रात होते. हे साताऱ्याच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहिले की स्पष्ट होते.

आधी कोंडी कशी होती ते पाहू. ७ आणि ८ ऑगस्टला गोवालिया टँकवर अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी उचलले गेले. त्याआधीच, ८ ऑगस्टला, सरकारने भारत संरक्षण नियमांखाली हुकूम काढला होता. चळवळीची आणि चळवळीविरुद्ध सरकारने केलेल्या कारवाईची बातमी वृत्तपत्रांनी छापायची ती सरकारी गोटातून आलेली, ठराविक वृत्तसंस्थांकडून आलेली किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदलेल्या बातमीदाराने दिलेली, एरवी नाही. ‘हरिजन’ बंद केला गेला. काही पत्रांनी अशा अटींवर छापण्यापेक्षा अंकच काढायचा नाही असे ठरवले. राहिला रेडिओ, तो तर सरकारचाच. ऑल इंडिया रेडिओला चळवळीतले लोक ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत, ते उगाच नव्हे. या हुकुमाची धार नीट लक्षात घ्यायला हवी. चळवळ दडपण्यासाठी लाठी आणि बंदूक होतीच. हा हुकूम एका गावात चाललेली लाठी दुसऱ्या गावाला कळू नये यासाठी होता. कऱ्हाडला २४ ऑगस्टला मोर्चा निघाला, तासगावला ३ सप्टेंबरला, वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला १० सप्टेंबरला. वडूजला गोळीबारात नऊ जण पडले, इस्लामपुरातही माणसे मेली. एकाच जिल्ह्यात पंधरा-सतरा दिवसांत हे घडले. देशात असे किती जिल्हे होते! पण ज्याला त्याला आपला तालुका तेवढा दिसावा, बाकीचा देश शांत आहे असे वाटावे, अशी ही व्यवस्था होती. उठाव मोडायला याहून स्वस्त उपाय नाही.

या कोंडीतून केंद्र निघाले. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या, मुंबईत शिकणाऱ्या. बाबूभाई म्हणून ओळखले जाणारे विठ्ठलदास खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे जोडीदार. प्रक्षेपक उभा करण्याचे काम नरिमन प्रिंटर यांच्याकडे आले. युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द करून त्यांची यंत्रे जमा करायला लावली होती, त्यामुळे सुटे भाग मिळवणे हेच मोठे काम होते. शिकागो रेडिओ या ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीचे नानक मोटवाने यांच्याकडून मदत झाली. काँग्रेसच्या अधिवेशनांत लाऊडस्पीकर लावण्याचे काम याच कंपनीकडे असे. पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून आला. मुंबईत त्याच सुमारास आणखीही काही गट अशीच खटपट करत होते. डॉ. राममनोहर लोहियांनी त्यांना एकत्र आणले आणि भूमिगत काँग्रेस नेतृत्वाशी केंद्राची गाठ घालून दिली. २७ ऑगस्ट १९४२ च्या रात्री पावणेनऊला ४२.३४ मीटर्सवर, भारतात कुठूनतरी, काँग्रेस रेडिओ बोलू लागला. तिथून १२ नोव्हेंबरपर्यंत, दोन्ही दिवस धरून, अठ्ठ्याहत्तर दिवस होतात.

रेडिओ म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एफएम येते, म्हणून एक फरक सांगून ठेवतो. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की तुटते, आणि म्हणून एफएम केंद्र स्वभावतःच स्थानिक असते. काँग्रेस रेडिओ लघुलहरींवर होता. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. ही लहर वर जाते, वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून परतते आणि शेकडो किलोमीटरवर उतरते. मुंबई ते तासगाव हे हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आतले. अंधार पडल्यावर मुंबईची अशी लहर इथे उतरू शकत होती. छोट्या यंत्राला मोठा पल्ला मिळायचा तो यामुळे. पण याच गुणाची दुसरी बाजूही होती. जी लहर तीनशे किलोमीटरवरच्या श्रोत्याला मिळते ती पोलिसांच्या यंत्रालाही मिळते, आणि तिचा उगम हुडकायला त्यांच्याकडे गाड्या होत्या. म्हणूनच केंद्र सतत हलते ठेवावे लागले. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा पॅरडाइज बंगला अशी त्याची बिऱ्हाडे झाली. खोटी नावे सांगून जागा घ्यायच्या आणि संशय येण्याआधी सामान हलवायचे.

मात्र या केंद्राचे सगळ्यात शहाणपणाचे काम बिऱ्हाड बदलण्यात नव्हते. ध्वनिमुद्रणाची जागा एक आणि प्रक्षेपणाची जागा दुसरी, अशी त्यांनी वाटणी केली होती. भाषण एका ठिकाणी तबकडीवर घ्यायचे, तबकडी दुसऱ्या ठिकाणी न्यायची आणि तिथे वाजवायची. म्हणजे बोलणारा माणूस प्रक्षेपकापाशी सापडत नसे. लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस, कूमी दस्तूर आणि स्वतः उषाबेन असे वेगवेगळे आवाज इंग्रजी आणि हिंदुस्तानीत ऐकू येत, पण यांतला कोणता आवाज कोणत्या इमारतीत राहतो याचा पत्ता लहरीवरून लागणे शक्य नव्हते. त्याच्याही मागे तिसरी फळी होती, ती बातमी आणणाऱ्यांची. प्रांतोप्रांतीचे निरोपे मुंबईत येत, भूमिगत काँग्रेस कचेरीत मजकूर पोहोचे, तिथून तो केंद्राकडे जाई. संस्था म्हणून पाहिले तर काँग्रेस रेडिओ म्हणजे ही तिसरी फळी. प्रक्षेपक तिच्या टोकाला जोडलेले एक यंत्र होते. या फळीत एक निरोप्या पकडला गेला तर दुसरा येत असे. एका प्रांताची वाट बंद झाली तर दुसऱ्या प्रांताची उघडी राही. असा बदली माणूस यंत्राच्या बाजूला कधीच तयार झाला नाही.

या फळीने काय आणले ते पाहिले की तिचे वजन कळते. चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि चिमूर-आष्टीचे अत्याचार या बातम्या आपण आधी दिल्या, असे उषाबेन पुढे सांगत. यांतली चिमूरची बातमी महाराष्ट्राला सर्वांत जवळची आहे. १६ ऑगस्टला चिमूरला जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, सरकारी माणसे मारली गेली, आणि मग सैन्य व पोलीस गावात घुसले आणि घरांवर व बायकांवर अत्याचार झाले. सरकारने चौकशी नाकारली. त्या मागणीसाठी प्रा. भन्साळींनी दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण केले, तर त्या उपोषणाचीही बातमी छापायला बंदी घातली. त्याच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. हा क्रम मुद्दाम सांगितला. जे सांगायला छापखान्यांना अंक बंद ठेवण्याची पाळी आली, ते या केंद्राने सांगून टाकले होते. आणि चिमूरची बातमी काही प्रक्षेपकाने शोधून काढली नव्हती. विदर्भातल्या आडगावातून मुंबईपर्यंत ती माणसांनी आणली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, हे ऐकले किती जणांनी? १९४७ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हाही अख्ख्या देशात पावणेतीन लाखांच्या आसपास रेडिओ संच होते. १९४२ मध्ये त्याहून कमीच असणार. संचाला वर्षाचा परवाना लागे, खेड्यात वीज नसल्याने बॅटरीवर चालवावा लागे, आणि ज्याच्याकडे संच असे तो बहुधा वकील, डॉक्टर, व्यापारी नाहीतर सरकारी अधिकारी असे. या हिशेबाने काँग्रेस रेडिओ म्हणजे शहरी मध्यमवर्गाचा कार्यक्रम ठरतो. आकडा खरा आहे. निष्कर्ष मात्र घाईचा. एक तर संच आणि श्रोता यांचे प्रमाण तेव्हा एकास एक नव्हते. युद्धाच्या बातम्या ऐकायला एका संचाभोवती आळी जमत असे. दुसरे अधिक महत्त्वाचे. बातमीच्या बाबतीत पहिला श्रोता हा शेवटचा श्रोता नसतो. तासगावच्या एखाद्या वकिलाने रात्री ऐकलेली बातमी सकाळी बाररूममध्ये, दुपारी बाजारात आणि पुढे आठवडी बाजाराच्या गर्दीत जाते, ही काही कल्पनेची भरारी नव्हे. खेड्यांत वृत्तपत्र असेच वाचले जाई, एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. सरकारला हे कळत होते. परवानेधारक श्रोते मूठभरच असते आणि परिणाम शून्य असता, तर या केंद्राच्या मागावर मुंबई पोलिसांनी एवढी माणसे आणि यंत्रे लावली नसती.

इथेच दुसरा आक्षेप डोकावतो. पोलिसांनी महत्त्व दिले म्हणून ते महत्त्वाचे, हा कसला पुरावा? पोलीस तर प्रत्येक पत्रकाला राजद्रोह म्हणतात. शिवाय आज या केंद्राचे जे शब्द आपल्यापर्यंत आले आहेत, त्यांतले बहुतेक पोलिसांच्याच टिपणांतून आले. केंद्राच्या तबकड्या नव्हे, तर केंद्राला पकडायला बसलेल्यांच्या वह्या हा आपला आधार. मला हा आधार लंगडा वाटत नाही. उलट एका अर्थाने तो अधिक भक्कम आहे. ही टिपणे न्यायालयात पुरावा म्हणून उभी करायची होती. त्यात आपल्या मनाचे वाक्य घालणे पोलिसांच्याच अंगाशी आले असते. तेव्हा काय बोलले गेले यासाठी ती विश्वासार्ह आहेत. त्या बोलण्याचा परिणाम काय झाला, यासाठी मात्र ती वापरू नयेत, आणि इथे वापरलेलीही नाहीत. चळवळीतल्या माणसांच्या आठवणींपेक्षा शत्रूच्या वहीत अधिक नेमके सापडते, हा बेचाळीसच्या बाबतीत वरचेवर येणारा अनुभव आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही तो आला.

आता शेवट. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी आधी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. उषाबेन तिथून निसटल्या आणि संध्याकाळचे प्रक्षेपण चुकू नये म्हणून पारेखवाडीतल्या खोलीवर गेल्या. त्याच दिवशी प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते आणि त्यांनी जागा दाखवली. कार्यक्रम नेहमीप्रमाणे झाला. शेवटी ‘वंदे मातरम्’ची तबकडी लावायची रीत होती, ती लागली आणि दारावर धक्के बसू लागले. आत चंद्रकांत झवेरी आणि उषाबेन. दारे फोडून पोलीस आत आले, तबकडी थांबवायला सांगितले, आणि यांनी ती थांबवली नाही. प्रक्षेपण यंत्रासोबत काँग्रेस अधिवेशनाची छायाचित्रे आणि बोलपट भरलेल्या बावीस पेट्या जप्त झाल्या. पुढे काही महिने चौकशी चालली. त्यात उषाबेनना एकान्त कोठडीत ठेवले गेले, परदेशी शिक्षणाचे आमिष दाखवले गेले. त्या बोलल्या नाहीत. खास न्यायालयाचा निकाल मे १९४३ मध्ये लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाबेन १९४६ मध्ये येरवड्यातून बाहेर आल्या, गांधीविचारावर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवले, मणिभवनाचे काम पाहिले, आणि ११ ऑगस्ट २००० रोजी वारल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते.

ही हकिकत सांगणारे बहुतेक जण शेवटी एकाच शब्दावर येतात, आणि तो शब्द म्हणजे फितुरी. प्रिंटर फुटले म्हणून केंद्र बुडाले. फितुराचा इतिहास सांगायला आपल्याला फार आवडते. पण संस्थेचा इतिहास लिहिताना त्यावर थांबणे म्हणजे विचार अर्ध्यावर सोडणे. चौकशीच्या खोलीत एखादा माणूस मोडणार, हे भूमिगत काम करणाऱ्या कोणत्याही संघटनेने गृहीतच धरायला हवे. प्रश्न असा की एक माणूस मोडल्यावर सगळे का मोडले? कारण यंत्राची विद्या एका-दोघांकडे होती आणि प्रक्षेपकाची जागा त्यांना ठाऊक असणे अटळ होते. बोलणारे, लिहिणारे, बातमी आणणारे बदलता येत होते. यंत्र जाणणारा बदलता येत नव्हता. ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण वेगळे करण्याची जी दूरदृष्टी या मंडळींनी दाखवली, ती तंत्रज्ञाच्या बाबतीत त्यांना दाखवता आली नाही. दाखवणार तरी कशी? युद्धकाळात मुंबईत प्रक्षेपक बांधू शकणारी, शिवाय देशासाठी तुरुंगात जायला तयार असणारी माणसे मिळणार किती? दोष द्यायचाच तर परिस्थितीला द्यावा. पण ही उणीव एका माणसाच्या नीतिमत्तेच्या खाती टाकून मोकळे होऊ नये.

या ठिकाणी सातारा जिल्हा उपयोगी पडतो. मोर्चे आणि गोळीबार झाल्यावर इथली चळवळ भूमिगत झाली, १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले आणि ते १९४६ पर्यंत टिकले. क्रांतिसिंह नाना पाटील चौवेचाळीस महिने पोलिसांना सापडले नाहीत. ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वे लुटली गेली, १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा खजिना. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, गावोगावची लोकन्यायालये, हुंड्याविना आणि खर्चाविना लागणारी लग्ने हे सारे चालवायचे तर रोज निरोप हलवावे लागत. कुणाचा निवाडा कुठे आहे, पोलिसांची तुकडी कुठल्या गावी उतरली, आज रात्री गट कुठे थांबणार? यासाठी इथे एकही प्रक्षेपक नव्हता. पायी निरोप्या होता, सायक्लोस्टाइलची पत्रके होती, आणि शाहीर होते. शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचा पोवाडा ज्या गावात होई तिथे दुसऱ्या दिवशी बातमी सांगायची गरज उरत नसे. नाना पाटलांचे भाषण तर गावच्या माणसाला आपल्याच घरातला कुणी बोलतो आहे असे वाटे. पूर्वी तलाठ्याची नोकरी केलेला हा माणूस सारा, फाळा, सावकारी हे सगळे आतून जाणत होता. या व्यवस्थेत एक माणूस पकडला गेला तर एक गाव सापडे, केंद्र सापडत नसे. कारण केंद्र नव्हतेच.

यावर लगेच दोन उलट आक्षेप येतात आणि ते दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. एक असा की तुलनाच अन्यायाची आहे. इथे लपायला भूगोल होता. तासगाव ब्रिटिश मुलखात, पण कुंडल औंध संस्थानात. सांगली, मिरज, जत ही संस्थाने अंगालगत. एका ओढ्यापलीकडे दुसऱ्याचे राज्य. ब्रिटिश पोलिसांना हद्द ओलांडायची तर कागद हलवावे लागत, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचे धोरण चळवळीला प्रतिकूल नव्हते. मुंबईच्या गल्लीत अशी सीमा कुठली? हे मान्य आहे. सातारकर मुंबईकरांहून शूर होते, असे मला म्हणायचेच नाही. मुद्दा एवढाच की जिथे निरोप माणसांमधून गेला तिथे तो मोडायला अनेक ठिकाणी हात घालावा लागला, आणि जिथे तो शेवटी एका यंत्रातून गेला तिथे एकाच खोलीचे दार फोडून भागले. भूगोलाने पहिल्या बाजूला मदत केली हे खरे, पण भूगोल नसता तरी हा फरक उरला असता.

दुसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा. रेडिओशिवाय सातारा एवढी वर्षे चालले, तर रेडिओची गरजच काय होती? हा आक्षेप आपल्याकडच्या अभिमानाला गोड वाटतो, म्हणून त्याला अधिक सावधपणे उत्तर द्यायला हवे. साताऱ्याची व्यवस्था साताऱ्यापुरती उत्तम होती. वाळव्याची बातमी तासगावला एका रात्रीत येई. चिमूरची येत नसे. पोवाडा जिल्ह्याच्या भाषेत बोलतो, जिल्ह्याच्या माणसांची नावे घेतो, हेच त्याचे बळ आणि हीच त्याची वेस. बलियात, मिदनापुरात, चिमुरात काय चालले आहे हे कळल्याशिवाय आपला उठाव देशाच्या उठावाचा भाग आहे हे कळणार कसे? ८ ऑगस्टच्या त्या हुकुमाला तोडायचा होता तो नेमका हा धागा. काँग्रेस रेडिओने तो अडीच महिने धरून ठेवला, तेही सर्वांत कडक दडपशाहीच्या अडीच महिन्यांत. साताऱ्याने गावागावांतला धागा धरला. दोन्ही कामे वेगळी होती, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नसती.

गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती, ही गोष्टही इथे सोडून देण्यासारखी नाही. १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला, गुप्तपणा अहिंसेशी जुळत नाही असे सांगितले. साताऱ्याच्या मंडळींनी तो मानला नाही. उषाबेन मात्र जन्मभर गांधीवादीच राहिल्या आणि रेडिओबद्दल त्यांना पश्चात्तापही झाला नाही. त्यात विसंगती आहे का? थोडी आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. एवढे मात्र नोंदवावे की, या केंद्राने जागा लपवली, माणसे लपवली, पण आपण कोण हे लपवले नाही. ते दर वेळी स्वतःला काँग्रेसचे म्हणवून बोलले. जर्मनीतून बोलणाऱ्या आझाद हिंद रेडिओसारखा त्याला परक्या राष्ट्राचा आसरा नव्हता. खर्च आणि जोखीम दोन्ही इथलीच.

पुढचा इतिहास या भागाला अधिक परिचयाचा आहे. ६ ऑक्टोबर १९६३ ला सांगली आकाशवाणी सुरू झाली आणि शेतीपासून भजनापर्यंत सगळे तासगावच्या घरात आले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. २००५ च्या धोरणानंतर सांगली-कोल्हापुरात खासगी एफएम आले. २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही केंद्र काढायची मुभा मिळाली. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग आणि जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी ही त्या वाटेने आलेली केंद्रे, त्यातले दुसरे तासगावच्या येरळा नदीचे नाव लावणारे. यंत्राची जी अडचण उषाबेनच्या केंद्राला पुरून उरली ती आता अडचणच राहिलेली नाही. शंभर वॅटचा एफएम प्रक्षेपक एका खोलीत बसतो आणि तो चालवायला शिकलेली तरुण पोरे तालुक्यात सापडतात.

पण बातमी? खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावायची सवलत दिली, एवढेच. सामुदायिक केंद्रांनाही तोच नियम. फार तर आकाशवाणीची बातमी स्थानिक भाषेत करून सांगता येते. सामना, हवामान, परीक्षा, जत्रा, पाणीपुरवठा, वाहतूक यांची माहिती चालते, कारण ती नियमानुसार बातमी धरली जात नाही. याला कारणे दिली जातात ती अशी : छोट्या केंद्रावर अफवा पसरेल, गावातल्या गटबाजीला माईक मिळेल, देखरेख ठेवायला माणसे नाहीत. ही भीती निराधार नाही. निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याही तालुक्यात ती खरी ठरू शकते. पण याच तालुक्यात साप्ताहिके निघतात, स्थानिक केबलवर बातम्या लागतात, मोबाइलवर तर काहीही फिरते, आणि त्यांच्यावर कायद्याने जी जबाबदारी आहे ती एफएमवर टाकायला हरकत काय, हे कुणी पटेल असे सांगितलेले नाही. बेदाण्याच्या सौद्यात आज काय भाव निघाला हे सांगायला मुभा आहे. तो भाव का पडला आणि कुणामुळे पडला यावर बाजार समितीत झालेला वाद सांगायला नाही. १९४२ च्या केंद्राकडे नीट यंत्र नव्हते आणि बातमी होती. आजच्या केंद्राकडे यंत्र आहे. तासगावला उद्या कुणी एफएम केंद्र काढायचे ठरवले तर मनोरा, वॅट आणि परवाना यांचा हिशेब त्यांना कुणीही करून देईल. कचेरीवर पुन्हा एखादा मोर्चा गेला, तर मात्र त्याची बातमी त्या केंद्राला आकाशवाणीच्या बातमीपत्रात येईल तेव्हाच, आणि आली तरच, सांगता येईल.